रुक्माक्कांचं मत

निवडणूक जाहीर झाली की आमच्या चेन्नईतल्या एग्मोरच्या केंद्र सरकारी कचेरीत जेवणाची सुट्टी पुरायची नाही. डबे उघडे राहायचे, हात कोरडे व्हायचे आणि वाद चालूच असायचे. या सगळ्यात रुक्माक्कांनी कधी कुणाला विचारलं नाही, की बाबा, तू मत कुणाला देणार. त्या ताकभात कालवता कालवता एवढंच विचारायच्या, ‘‘ते राहू दे. तुज भय कशाचं आहे, ते सांग.’’

आणि गंमत म्हणजे माणसं सांगायची. आमच्यात सेल्वम नावाचा एक हेडक्लार्क होता. तत्त्व, स्वाभिमान, भाषा, इतिहास अशा गोष्टींवर तो टेबल आपटून बोलायचा. त्याला एकदा अक्कांनी हाच प्रश्न तमिळमध्ये टाकला. सेल्वम थांबला. पाण्याचा घोट घेतला. मग म्हणाला, ‘‘पोरीच्या कंपनीत माणसं कमी करतायत, अक्का. घराचा हप्ता तीच भरते.’’ अक्का म्हणाल्या, ‘‘सरी, ठीक. आता बोल तुझं तत्त्व, ऐकते.’’ सेल्वमने पुढचं भाषण केलंच नाही. डबा संपवला आणि हात धुवायला उठला.

मी सोलापूरहून बदली होऊन त्या कचेरीत आले तेव्हा अक्का निवृत्तीला चारेक वर्षं असलेल्या, ठेंगण्या, ताठ मानेच्या बाई होत्या. सुती साडी, नाकात दोन्ही बाजूंना चमकी, आणि पायांत पुरुषांनी घालाव्यात तशा जाड चपला. नाव रुक्मिणी राव. तंजावरकडचं मराठी घराणं. पूर्वज कधी कुठून निघाले हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि त्याची त्यांना उत्सुकताही नव्हती. पहिल्या दिवशी मी ‘नमस्कार’ म्हटल्यावर त्या माझ्याकडे डोळे बारीक करून बघत म्हणाल्या, ‘‘सोलापूर कां? ये, बैस. अस्के इथं तमिळ बोलतात. तू भिऊं नोको.’’ ‘अस्के’ म्हणजे सगळे, हे मला आठवड्याने कळलं. तेव्हापासून त्या मला सोलापूर याच नावाने हाक मारायच्या. माझं खरं नाव त्यांना शेवटपर्यंत पाठ होतं की नाही, मला शंका आहे.

मी गिरणी कामगाराची मुलगी. संप, मोर्चे, बंद पडलेली गिरणी हे सगळं बघून वाढलेली. त्यामुळे भित्र्या माणसांचा मला मनापासून राग यायचा. भीतीने मत देणारे लोकच देश बुडवतात, असं एक ठाम वाक्य मी तेव्हा जिथे तिथे फेकत असे. एकदा ते अक्कांसमोर फेकलं. त्यांनी लोणच्याची फोड माझ्या डब्याच्या झाकणात ठेवली आणि विचारलं, ‘‘तुज भय कशाचं?’’

‘‘मला? कशाचंही नाही.’’

‘‘मग दर वर्षी बदलीचा अर्ज कां लावतेस गे?’’

सोलापुरात माझी आई एकटी होती. तिचं काही झालं तर मी एका रात्रीच्या अंतरावर, हे माझ्या पोटात सतत असायचं. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मात्र मी बोलले, आणि अक्का ऐकत राहिल्या. नंतर म्हणाल्या, ‘‘हे घेऊनच तूं मत द्यायला जातेस. घरी ठेवून येतां येत नाही कुणाला.’’ मी चिडून डबा आवरला.

निवडणुकीची ड्यूटी म्हटली की आमच्या कचेरीत निम्म्या लोकांना रक्तदाब सुरू व्हायचा. दाखले, अर्ज, वशिले. अक्का मात्र दर वेळी हसतमुखाने पत्र घ्यायच्या. पस्तीस वर्षांत त्यांनी एकही निवडणूक चुकवली नव्हती, आणि दर वेळी त्यांच्याकडे शाईचं काम असायचं. मतदाराची सही घ्यायची, डाव्या हाताचं बोट धरायचं, शाईची काडी ओढायची, चिठ्ठी द्यायची. ‘‘मला कागदाचं काम नोको, मला बोटं द्या,’’ असं त्या केंद्राध्यक्षाला सांगून टाकायच्या.

त्यांचा एक सिद्धान्त होता. चेन्नईत निवडणूक म्हणजे उन्हाळा. रांगेत उभं राहून माणूस घामाने भिजून आत येतो. त्याचं बोट गरम असायला हवं. ते गार लागलं, की समजावं. ‘‘कुठल्या पक्षाचा ते ठाव नाही होत,’’ त्या सांगायच्या, ‘‘पण भ्यालाय ते ठाव होतं.’’ कुठली निवडणूक आठवायची झाली तर कोण जिंकलं हे त्यांना चटकन आठवत नसे. त्या म्हणायच्या, ‘‘ते गार बोटांचं वरीस? त्या वर्षी कारखान्यांना कुलपं लागत होती.’’ मी हसायचे. असं काही असतं का, म्हणायचे.

मग एका वर्षी ड्यूटीच्या यादीत आमची दोघींची नावं एकाच केंद्रावर आली.

त्याआधी एक दिवस प्रशिक्षण होतं, एका शाळेच्या मोठ्या सभागृहात. ते संपल्यावर शेजारच्या वर्गात कर्मचाऱ्यांच्या टपाली मतदानाची सोय होती. माझं नाव अजून सोलापूरच्या यादीत होतं, त्यामुळे मला तिथे काही काम नव्हतं. मी अक्कांबरोबर नुसती बसले. त्या टपाली मताचं असं असतं: मतपत्रिकेवर खूण करून ती एका लहान लखोट्यात घालायची. तो लखोटा मोठ्या लखोट्यात. आणि मोठ्यात सोबत एक प्रतिज्ञापत्र, की हे मत मीच दिलंय. त्यावर आपली सही, खाली अधिकाऱ्याची साक्ष. तो कागद कोरा असला तर मोजणीच्या वेळी आतला लखोटा फोडतच नाहीत. मत बाद.

अक्कांना यातलं सगळं तोंडपाठ. आजूबाजूच्या गोंधळलेल्या शिक्षिकांना त्याच समजावत होत्या. इथे सही, इथे यादीतला क्रमांक, तिकडे त्या सरांची साक्ष. चार-पाच जणींचे लखोटे त्यांनी स्वतः तपासून दिले. मग आपली मतपत्रिका घेऊन पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेल्या. बाहेर येऊन प्रतिज्ञापत्राचा कागद घडी करून मोठ्या लखोट्यात घातला, डिंक लावला आणि पेटीत टाकला. साक्षीच्या टेबलाकडे त्या फिरकल्याही नाहीत.

‘‘अक्का!’’ मी ओरडलेच. ‘‘सही राहिली तुमची!’’

‘‘हळू,’’ त्या म्हणाल्या. ‘‘राहूं दे.’’

मला वाटलं, विसरल्या आणि आता लाज वाटतेय. मी विषय वाढवला नाही.

आमचं केंद्र शहराच्या दक्षिण टोकाला, नदीकाठच्या वस्तीजवळ एका प्राथमिक शाळेत होतं. वस्ती तिथून हलवणार, सगळ्यांना दूर कुठेतरी राहायला गाळे देणार, अशी बोलवा महिनाभर चालू होती. तिथल्या बायका पलीकडच्या उंच इमारतींमध्ये धुणीभांडी करायच्या. वस्ती हलली की ती घरंही सुटली. रांग सकाळी सातालाच शाळेच्या फाटकाबाहेर गेली होती.

मी शेवटच्या टेबलावर, दर मतदारासाठी मतयंत्र सुरू करायचं बटण दाबायला. माझ्या डावीकडे अक्का. दुपारपर्यंत मी त्यांच्या हातांकडेच बघत होते. त्या बोट नुसतं धरायच्या नाहीत. आपल्या डाव्या पंज्यात समोरच्याचा सगळा हात घ्यायच्या, एक क्षण थांबायच्या, मग शाई. कुणाला वाटावं, हात हलू नये म्हणून. अधूनमधून माझ्याकडे न बघता पुटपुटायच्या, ‘‘गार.’’ थोड्या वेळाने पुन्हा, ‘‘गार.’’ उन्हाने वर्गावरचे पत्रे तडतडत होते आणि माझ्या मानेवरून घाम ओघळत होता.

साधारण तिशीची एक बाई आली, कस्तुरी नावाची. सही केली, शाई लावून घेतली, आणि चिठ्ठी हातात घेऊन तिथेच उभी राहिली. पुढे सरकेना. मागून लोक कुरकुरायला लागले. केंद्राध्यक्ष तरुण होते, नियमांना घट्ट धरून होते. ते खुर्चीवरून म्हणाले, ‘‘चला अम्मा, चला.’’ तिने अक्कांकडे वाकून हळूच विचारलं, ‘‘अम्मा, आमच्या गल्लीतला माणूस म्हणतो, कुठलं बटण दाबलं ते त्याला संध्याकाळी कळतं. ज्यांनी दुसरं दाबलं त्यांची नावं गाळ्यांच्या यादीतून जातील. खरं का?’’

केंद्राध्यक्ष उठू लागले होते. अक्कांनी त्यांना हातानेच थांबवलं. त्या कस्तुरीला म्हणाल्या, ‘‘हे बघ. तुझं नाव या माझ्या वहीत आहे. ही वही इथेच राहते. तिथे आत नाव नाही, सही नाही, काही नाही. तू बटण दाबलंस की ते तुझंही राहत नाही. त्याला काय, देवालाही विचारता येणार नाही.’’

कस्तुरीने चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली. मी बटण दाबलं. ती आत गेली, यंत्र वाजलं, ती बाहेर आली आणि कुणाकडे न बघता निघून गेली. मला अक्कांचा विलक्षण अभिमान वाटला. घरी आईला फोन करून मी ही हकीकत तिखटमीठ लावून सांगितली.

अभिमान चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी कचेरी सुटल्यावर मी अक्कांबरोबर बीच स्टेशनपर्यंत गेले. त्या रोज तिथे गाडी बदलून एन्नोरला घरी जायच्या. गाडीला वेळ होता. बाकावर बसून शेंगा खाता खाता मी पुन्हा कस्तुरीचा विषय काढला, आणि सहज म्हणाले, ‘‘तुमची ती सही तेवढी विसरली, नाहीतर तुमचंही मत...’’

‘‘विसरलें नाही गे,’’ अक्का म्हणाल्या. ‘‘दर वेळी मी तसंच करते.’’

मी शेंग सोलायची थांबले.

त्यांनी सांगितलं ते असं. वडील अचानक गेले तेव्हा त्या नुकत्याच कचेरीत तात्पुरत्या लागल्या होत्या. घरात आई आणि शाळेत जाणारा धाकटा भाऊ किट्टू. पगार एकच, अक्कांचा. नोकरी कायम व्हायची होती, आणि ती करणं एका विभागप्रमुखाच्या शेऱ्यावर होतं. तेवढ्यात निवडणूक आली, ड्यूटी आली, टपाली मत आलं. साक्षीची सही त्याच प्रमुखाची. तो सगळ्यांसमोर हसत म्हणाला, ‘‘रुक्मिणी, आपल्या विभागाची मतं कुठे जातात हे मला माहीत आहे बरं.’’ कदाचित थट्टाच असेल. पण वीस-बावीस वर्षांच्या मुलीला ती थट्टा वाटली नाही. तो सांगेल त्याला मत द्यायचं नव्हतं, आणि दुसऱ्याला दिलं आणि त्याला कळलं तर घर बसेल. मग त्यांनी तिसरा रस्ता काढला. आपल्याला हवं तेच मत दिलं, आणि प्रतिज्ञापत्र कोरं ठेवलं. लखोटा कुणी फोडणारच नाही. खोटं बोलायला नको आणि भ्यायलाही नको.

‘‘मग नोकरी कायम जाली,’’ अक्का म्हणाल्या. ‘‘तो माणूस निवृत्त जाला. मेला पण. आणि मी अजून तसंच करते. दर वेळी मणते, या वेळी सही करीन. त्या टेबलाकडे बघते, तिथे कुणीतरी साहेब बसलेला असतो, आणि माझे हात गार पडतात.’’

‘‘म्हणजे तुम्ही पस्तीस वर्षांत...’’

‘‘एकदां पण नाही. मोजणीला माझी ड्यूटी होती एका वर्षी. बाद लखोट्यांचा गठ्ठा पाहिला मी. त्यातला कुठला माझा, ते शोधलं पण नाही.’’

खरं सांगायचं तर मला रागच आला. कस्तुरीला एवढं सांगणारी बाई, आणि स्वतः? मी ते बोललेही असते, पण त्यांनीच बोलून टाकलं. ‘‘त्या पोरीला मी कसं सांगितलं मणतेस? मज ठाव आहे ना ते भय. ज्याला ठाव नाही तो काय सांगेल तिला, चला अम्मा, चला?’’ मग गाडी आली आणि त्या पिशवी सांभाळत बायकांच्या डब्यात चढल्या.

त्या रात्री नाही, पण पुढे कितीतरी दिवस मी याचा विचार करत होते. ज्यांच्यावर मी इतकी वर्षं ‘भित्रे’ म्हणून शिक्का मारत आले, त्यांत आता अक्का आल्या होत्या, आणि त्यांना त्या ढिगात टाकणं मला जमेना.

दोन वर्षांनी त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या समारंभात सेल्वमने मोठं भाषण केलं आणि शेवटी म्हणाला, ‘‘आता आम्हाला आमची भीती कोण विचारणार?’’ सगळे हसले. अक्काही हसल्या, पण माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, ‘‘आता ड्यूटी नाही गे. आता मी गल्लीतल्या शाळेत जाऊन यंत्रावर मत देणार. कुणा साहेबाची सही नोको.’’ मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. लग्नाची तारीख ठरल्यासारख्या त्या ते सांगत होत्या.

निवडणूक पुढच्याच वर्षी आली, राज्याची. मी अधूनमधून रविवारी एन्नोरला जायचे. किट्टू, त्याची बायको गोमती आणि अक्का, तिघं एका बैठ्या घरात राहायची. मागे चिमण्या दिसायच्या, औष्णिक वीज केंद्राच्या. वारा फिरला की राखेचा बारीक थर यायचा खिडकीच्या गजांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर. अक्का रोज सकाळी तुळशीचं एकेक पान ओल्या फडक्याने पुसायच्या. पूजा त्यानंतर. गोमतीला खोकला होता. उन्हाळ्यात कमी, थंडीत जास्त, पण कायमचाच. आणि किट्टू त्याच केंद्रात जुन्या युनिटवर कंत्राटी फोरमन होता, पंचवीस वर्षं.

त्या निवडणुकीत तिथे दुसरा विषयच नव्हता. एक उमेदवार म्हणत होता, जुनं युनिट बंद करणार, लोकांना श्वास घेऊ देणार. दुसरा म्हणत होता, एकाही कामगाराच्या पोटावर पाय येऊ देणार नाही, युनिट चालूच राहील. अक्कांचं मत काय, हे विचारायची गरज नव्हती. ते युनिट बंद व्हावं, हे त्या दहा वर्षं सगळ्यांना ऐकवत होत्या, किट्टूसमोरसुद्धा. पूर्वी किट्टू त्यावर चिडायचा. ‘‘पानं पुसून झाली का? मग कॉफी दे,’’ म्हणायचा. बहीणभावाची ती नेहमीची कुरबूर होती.

पण त्या महिन्यात तो चिडेनासा झाला. मला ते जाणवलं. मी गेले तेव्हा तो अक्कांच्या खोलीतल्या पंख्याला तेल घालत होता. पुढच्या रविवारी त्यांच्या खुर्चीचा डुगडुगणारा पाय त्याने ठोकून दिला. मत कुणाला देणार, असं त्याने एकदाही विचारलं नाही. पंचावन्न वर्षांचा माणूस, ते काम सुटलं तर त्याला दुसरीकडे कोण घेणार? हे तो बोलत नव्हता, आणि घरात बाकी काही ऐकूही येत नव्हतं. अक्का मला बसस्टॉपवर पोचवायला आल्या तेव्हा म्हणाल्या, ‘‘तो ओरडला असता तर बरं होतं, सोलापूर. त्याला मी उत्तर दिलं असतं.’’

‘‘तुम्ही तुम्हाला वाटतं तेच करा,’’ मी म्हणाले. माझं जुनं रक्त उसळलं होतं. ‘‘पस्तीस वर्षं वाट पाहिलीत. आता यंत्र आहे, नाव नाही, सही नाही. तुम्हीच सांगायचात. आता कुणाला भ्यायचं?’’

अक्कांनी नुसती मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही.

मतदानाच्या दिवशी कचेरीला सुट्टी होती आणि माझं नाव या वेळी ड्यूटीत आलं नव्हतं. मी सकाळच्या गाडीने एन्नोरला गेले. का गेले, त्याचं कारण मी स्वतःला ‘अक्कांना सोबत’ असं दिलं होतं. खरं म्हणजे मला बघायचं होतं. ही बाई पहिल्यांदा मोजलं जाणारं मत देणार होती, आणि ते तिचं स्वतःचं असावं, अशी माझी फार इच्छा होती. माझ्या मते त्यात माझाही थोडा हात होता.

तिघं तयार होऊन ओट्यावर उभी होती. अक्कांनी काठाची साडी नेसली होती, डोक्यात जाई माळली होती. शाळेपर्यंत चालत पाच मिनिटांची वाट. किट्टू पुढे, मागे गोमती खोकत, आणि अक्का माझा दंड धरून. केंद्रापासून शंभर मीटरवर, बाहेरच्यांसाठी आखलेल्या खुणेशी मी थांबले. तिथे एका चहाच्या टपरीजवळ बाक होता, त्यावर बसून राहिले. बायकांची रांग पुरुषांच्या रांगेपेक्षा भराभर सरकत होती. अक्का दारातून आत गेलेल्या मला दिसल्या.

बराच वेळ झाला. त्यांच्या मागची गोमती बाहेर आली, तरी अक्का येईनात. गोमतीने मला सांगितलं, ‘‘आत पुठ्ठ्यामागे उभ्याच होत्या. यंत्र वाजतच नव्हतं. अधिकारी दोनदा म्हणाले, अम्मा, बटण दाबा. मग वाजलं. आता त्या दारापाशी बसल्यात, पाणी पितायत.’’

थोड्या वेळाने अक्का आल्या. चालणं नेहमीसारखं ताठ. किट्टू अजून पुरुषांच्या रांगेत होता. गोमती दुसऱ्या बायकांशी बोलायला थांबली. अक्का माझ्या शेजारी बाकावर बसल्या आणि समोर बघत म्हणाल्या, ‘‘युनिट चालू ठेवीन मणणाऱ्याला दिलं.’’

माझा चेहरा उतरला असणार, कारण त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

‘‘बोट नेलं होतं दुसऱ्या बटणाशी. तेच मला पाहिजे होतं. आणि किट्टू दिसला, पंख्याला तेल घालताना. भ्यालें.’’

‘‘भावासाठी केलंत,’’ मी म्हणाले. ‘‘त्याला भीती कशाला म्हणायचं, अक्का? माया म्हणा.’’

‘‘नोको. भयच होतं ते. त्याला चांगलं नाव देऊन काय होणार? गोमती खोकते, तिच्यावर माया नाही काय माझी?’’ त्यांनी डोक्यातली जाई चाचपली. ‘‘पण सोलापूर, हे मोजतील. इतकी वर्षं मज पाहिजे तेच मत देत आले मी. शुद्ध, कुणाची भीड नाही. आणि अस्की बाद. हे भ्यालेलीचं आहे. पण मोजतील.’’

मी त्यांना धीर द्यायला आले होते आणि मला त्यांच्यासमोर लाज वाटत होती, माझ्या इतक्या वर्षांच्या त्या ठाम वाक्याची. मी ते पुन्हा कधी उच्चारलं नाही.

किट्टू बाहेर आला. त्याने लांबूनच बहिणीकडे पाहिलं. विचारलं काही नाही. अक्कांनीही काही सांगितलं नाही. तो टपरीवरून तिच्यासाठी चहा घेऊन आला आणि ती संपवेपर्यंत उन्हाच्या बाजूला उभा राहिला, तिच्यावर सावली पडावी अशा बेताने. त्याला कधी कळलं की नाही, मला माहीत नाही.

निकालाच्या आधीच माझी सोलापूरची बदली झाली. त्यामुळे मतदानाच्या दिवशीची, एन्नोरच्या स्टेशनवरची ती दुपार हीच आमची शेवटची भेट ठरली. अक्का मला सोडायला फलाटापर्यंत आल्या होत्या. गाडी हलली तेव्हा खिडकीच्या गजांना धरून दोन पावलं बरोबर चालल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, ‘‘निकालाच्या दिवशी फोन कर गे! आजपर्यंत मी कधी जिंकलें नाही, कधी हरलें पण नाही. आता बघूं, काय होतं तें!’’ आणि गाडीने वेग घेतला तरी त्या फलाटावर उभ्या होत्या, परीक्षा देऊन आलेल्या शाळकरी मुलीसारख्या उत्सुक.